सापडत नाही म्हणजे नाही, असं नाही : जुन्या नोंदींचा शोध आणि इतिहासाच्या संकेतस्थळांचे वाचक

दप्तरखाना (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

इतिहासात रमणाऱ्यांच्या दोन तक्रारी नेहमी कानावर येतात. पहिली, "डेटाबेसमध्ये शोधलं, काहीच मिळालं नाही." दुसरी, "एवढ्या मेहनतीनं संकेतस्थळ उभं केलं, पण कोणी फिरकत नाही." दोन्हींवर वेगवेगळे उपाय सांगितले जातात. माझ्या मते दुखणं एकच आहे: शोधणाऱ्याचे शब्द आणि नोंद करणाऱ्याचे शब्द यांची गाठच पडत नाही. जुन्या दप्तरातून नेमका कागद बाहेर काढण्याचा ज्याला सराव आहे, त्याला आपलं पान दुसऱ्याच्या हाती कसं लागेल हेही लवकर उमगतं. म्हणून दोन्ही विषय एकत्र घेतोय.

एक उदाहरण जवळून बघू. स्कॉटलंडच्या पश्चिमेला फ्लॅनन बेटांवर दीपगृह आहे. तिथला दिवा ७ डिसेंबर १८९९ला पहिल्यांदा लागला आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९०० मध्ये, तिथले तिन्ही रखवालदार बेपत्ता झाले: जेम्स डुकॅट, थॉमस मार्शल आणि डोनाल्ड मॅकआर्थर. ही बातमी त्या काळच्या वर्तमानपत्रांत शोधायची आहे. बहुतेक जण 'फ्लॅनन दीपगृह रहस्य' किंवा 'डोनाल्ड मॅकआर्थर' असं टाकतील आणि बरेचदा हात हलवत परत येतील.

का ते बघा. हेस्परस नावाचं जहाज २६ डिसेंबरला बेटावर पोचलं आणि त्याच्या कप्तानानं तार केली. तारेत 'रहस्य' नाही, 'भयंकर अपघात' आहे. डुकॅट आणि मार्शल यांची नावं आहेत, तिसऱ्याचं नाही. त्याला नुसतं 'ऑकेजनल' म्हटलंय, म्हणजे बदली माणूस, कारण तो एका आजारी रखवालदाराच्या जागी गेला होता. या बेटांना 'सेव्हन हंटर्स' असंही नाव होतं. मॅकआर्थर हे आडनाव तर इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात. आज आपल्याला जे माहीत आहे ते त्या तारेत शोधायला गेलो, तर तार समोर असूनही दिसणार नाही.

म्हणून मी माणसाच्या नावापासून सुरुवात करत नाही. आधी तारखा आवळतो: २६ डिसेंबर १९०० ते जानेवारीअखेर. मग त्या बातमीत हमखास येईल आणि इतरत्र क्वचितच येईल असा शब्द धरतो. इथे तो 'हेस्परस' आहे. त्याच्या जोडीला 'लाइटहाउस'. एकदा का एक बातमी मिळाली, की ती नीट वाचून तिच्यातले शब्द घेऊन पुढचा शोध. दुसऱ्या फेरीला आपण त्या वार्ताहराच्या भाषेत शोधत असतो, आणि खरी मजा तिथे सुरू होते.

हेच सगळीकडे लागू पडतं. १९१६च्या वर्तमानपत्रात 'पहिलं महायुद्ध' मिळणार नाही, तेव्हा दुसरं व्हायचं होतं. तिथे 'ग्रेट वॉर', 'युरोपियन वॉर' किंवा नुसतं 'द वॉर' आहे. १८५०च्या आसपासच्या इंग्रजी मृत्युनोंदींत क्षयाला 'कन्झम्प्शन' किंवा 'थायसिस' म्हटलेलं असतं, पक्षाघाताला 'ॲपोप्लेक्सी'. विवाहित स्त्रिया स्वतःच्या नावानं फार कमी सापडतात. 'मिसेस' आणि पुढे नवऱ्याचं पूर्ण नाव, अशा त्या नोंदींत दडलेल्या असतात. बाईंचा शोध घ्यायचा तर नवऱ्याच्या नावानं, त्याच्या आद्याक्षरांनी शोधून बघाच.

आता ज्या प्रश्नाला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देतो तो. हा कागद कोणत्या कचेरीत तयार झाला असेल? अभिलेखागारात कागद विषयवार लावलेले नसतात. ज्या खात्यानं ते केले, त्या खात्याच्या क्रमानं असतात, आणि संकेतस्थळावरची सूचीही तोच क्रम पाळते. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजच्या सूचीत तीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. कुणाचे पणजोबा युरोपबाहेरून जहाजानं ब्रिटनच्या बंदरात कधी उतरले हे शोधायचं असेल, तर 'प्रवास' आणि 'स्थलांतर' टाकून दमाल. प्रवाशांच्या याद्या व्यापार मंडळाकडे, म्हणजे बोर्ड ऑफ ट्रेडकडे जमा होत. म्हणून त्या 'बीटी' या खुणेखाली आहेत: येणाऱ्यांच्या बीटी २६ मध्ये, १८७८ ते १९६०, आणि जाणाऱ्यांच्या बीटी २७ मध्ये, १८९० ते १९६०. प्रवासी याद्या व्यापार खात्यात असतील हे आपल्या तर्काला सुचत नाही, पण त्या काळच्या कारभारात ते अगदी सरळ होतं. शोधपेटीत काही टाकण्याआधी अर्धा तास त्या कारभाराबद्दल वाचा. अभिलेखागारांनी मालिकांवर लिहिलेल्या मार्गदर्शिका असतात, त्या कोणी उघडत नाही, आणि सगळं तिथेच लिहिलेलं असतं.

वाचक आणण्याबद्दल पुढे लिहितोच. आधी तुमचे अनुभव येऊद्यात.

---

सनावळी

उत्तम धागा. वाखूण साठवली.

तारखांबद्दल भर घालतो, कारण 'तारखा आवळा' हा सल्ला योग्य असला तरी आवळताना गफलत होते. इंग्लंडमध्ये १७५१पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे मूळ कागदावर 'फेब्रुवारी १७२०' असेल, तर आपल्या हिशेबानं तो फेब्रुवारी १७२१ असतो. काही डेटाबेसमध्ये ही दुरुस्ती केलेली असते, काहींत नसते, काहींत '१७२०/२१' अशी दुहेरी असते. मग १७५२ मध्ये ब्रिटननं पंचांगच बदललं, २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर. रशियानं हे १९१८ मध्ये केलं, ३१ जानेवारीनंतर १४ फेब्रुवारी. म्हणून तिथली ऑक्टोबर क्रांती आपल्या कॅलेंडरप्रमाणे नोव्हेंबरात पडते. एका देशातून दुसऱ्या देशात गेलेलं पत्र लिहिण्याच्या तारखेआधीच पोचलेलं दिसलं, तर कागद खोटा ठरवू नका, आधी पंचांग तपासा.

बातमी आणि घटना यांतलं अंतरही धरायला हवं. वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ला झाली आणि वेलिंग्टनचा अधिकृत अहवाल लंडन गॅझेटमध्ये २२ जूनला छापून आला. हे तर शेजारच्या देशातलं. समुद्रापारची बातमी तारेच्या आधीच्या काळात काही महिन्यांनी छापून येई. शोधाची खिडकी घटनेच्या दिवसापासून पुढे लांबवा आणि वर्षपूर्तीच्या दिवशीही एकदा डोकावा. आठवणी, पत्रं, दुरुस्त्या तेव्हा छापून येतात.

---

शाईचाडाग

+१. पण यंत्रानं वाचलेल्या मजकुराबद्दल कोणीच कसं बोललं नाही?

आपण जुन्या वर्तमानपत्राचं पान बघतो तेव्हा शोधयंत्र ते पान बघत नसतं. ओसीआरनं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामनं, त्या चित्रातून जो मजकूर काढला, तो त्याच्यापुढे असतो. शाई फुटलेली, पान घडीवर फाटलेलं, दोन स्तंभ एकमेकांत मिसळलेले, ओळीच्या शेवटी शब्द तुटलेला. १८००च्या आधीच्या इंग्रजी छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला 'एस' हा 'एफ'सारखा दिसणाऱ्या लांब अक्षरानं छापत. यंत्र तो 'एफ' म्हणूनच वाचतं. त्या काळातलं 'शिप' शोधायचं तर 'एस'च्या जागी 'एफ' घालूनही एकदा शोधावं लागतं. हास्यास्पद वाटेल, पण असं केल्यानं मला कित्येक पानं मिळाली आहेत.

म्हणून ज्या डेटाबेसवर शोधताय, तिथला मजकूर कसा तयार झाला ते आधी बघा. 'ओल्ड बेली ऑनलाइन'वर लंडनच्या फौजदारी न्यायालयातले १६७४ ते १९१३ या काळातले खटले आहेत. त्यातला जुना भाग दोघांनी स्वतंत्रपणे टाइप करून, दोन्ही प्रती ताडून तयार केलाय. तिथे नेमका शब्द टाकून शोधलं तर भरवसा ठेवता येतो. उलट नुसत्या ओसीआरवर चालणाऱ्या ठिकाणी नेमका शब्द धोका देतो. तिथे शब्दाचा अर्धाच भाग आणि पुढे तारांकित खूण, किंवा दोन शब्द एकमेकांपासून पाच-दहा शब्दांच्या आत असा शोध, हे जास्त कामाचं. ही सोय सगळीकडे नसते, आणि असली तरी 'प्रगत शोध'च्या पानावर लपलेली असते. मदतीचं पान वाचा हो!

इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन संग्रहाचं एक सांगतो. तिथली शोधपेटी आपणहून फक्त शीर्षक, लेखक, वर्णन एवढंच बघते. पुस्तकांच्या आतला मजकूर शोधायचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. हाथीट्रस्टवर, म्हणजे ग्रंथालयांनी स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या एकत्रित संग्रहावर, १.७ कोटींहून जास्त खंड आहेत. त्यात हक्क राखीव असलेली पुस्तकं उघडत नाहीत, पण तुमचा शब्द कोणत्या पानांवर आहे ते तिथे कळतं. पान क्रमांक हातात असला की ग्रंथालयातून पुढचं काम होतं.

अवांतर: देवनागरीत शोधताना 'संबंध' आणि 'सम्बन्ध' हे यंत्राला दोन वेगळे शब्द वाटतात. जोडाक्षरांत न दिसणारी सांधाक्षरं घुसलेली असतात, तीही नेमका शोध मोडतात. बाहेरून चिकटवलेल्या शब्दावर काहीच मिळालं नाही, तर तोच शब्द स्वतः टाइप करून बघा.

---

नवशिकी

सगळ्यांचे मनापासून आभार, किती शिकायला मिळतंय! दप्तरखाना, तुम्ही दीपगृहाचंच उदाहरण घेतलंत. माझं छोटं संकेतस्थळ दीपगृहांच्या जुन्या छायाचित्रांचंच आहे. वेगवेगळ्या देशांतली चित्रं आहेत, बरीच पोस्टकार्डं आहेत, काहींच्या मागे मजकूर आहे. खूप जीव लावून केलंय. पण वाचक नाहीत. ओळखीतले येतात, 'छान' म्हणतात, परत येत नाहीत.

सध्या रचना अशी: पहिल्या पानावर शोधपेटी आणि खाली चित्रांची चौकट. चित्रांची नावं स्कॅन करताना पडली तीच आहेत. माहिती प्रत्येक देशाच्या एका मोठ्या पीडीएफमध्ये एकत्र दिलीय. कुठून सुरुवात करू?

---

दप्तरखाना

नवशिकीताई, बरं झालं विचारलंत. माझा मुद्दा तुमच्या प्रश्नावरच समजावून सांगता येईल.

तुमच्याकडे एक पोस्टकार्ड आहे असं धरा: इंग्लंडच्या किनाऱ्याजवळचं एडिस्टनचं दीपगृह, समोर एक जुना बुरुजाचा बुंधा, मागे कोणीतरी दोन ओळी लिहिल्यात. आज त्याचं शीर्षक 'स्कॅन' आणि पुढे आकडा एवढंच असेल. हे चित्र कोण शोधत येईल? एक, एडिस्टनबद्दल वाचणारा. दोन, जॉन स्मीटनचं काम अभ्यासणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कारण तो बुंधा स्मीटनच्या १७५९च्या दीपगृहाचा आहे आणि त्याचा वरचा भाग नंतर हलवून प्लिमथला उभा केलाय. तीन, जिच्या घरात असंच कार्ड निघालंय आणि तिला ते किती जुनं हे कळायला हवं. चार, ज्याच्या घराण्यात कोणी रखवालदार होता. हे चौघं चार वेगळे शब्द टाकणार. त्या चौघांचे शब्द त्या एका पानावर सहज, वाक्यात आलेले असले पाहिजेत.

म्हणून शीर्षक असं करा: 'एडिस्टन दीपगृह आणि स्मीटनच्या मनोऱ्याचा बुंधा, पोस्टकार्ड', आणि पुढे काळ जेवढा खात्रीचा तेवढाच. खाली चार-पाच वाक्यं: चित्रात काय दिसतंय, ते कोणत्या दिशेनं घेतलेलं दिसतं, कार्डाच्या मागचा मजकूर जसाच्या तसा, छापणाऱ्याचं नाव, तिकिटावरचा शिक्का. मागचा मजकूर टाइप करायला कंटाळू नका. त्यातली नावं, गावं, 'काल वादळ होतं' सारखी वाक्यं, याच वाटांनी माणसं येतात. इतर पन्नास ठिकाणी जे लिहिलंय ते पुन्हा लिहून कोणी येणार नाही. तुमच्याकडच्या कार्डावर जे आहे ते जगात दुसरीकडे कुठे नाही.

आणि शोधपेटी आहे ना, मग तिच्यात लोकांनी काय टाकलं आणि काहीच मिळालं नाही, याची यादी काढा. बहुतेक प्रणालींत ती साठवता येते. मी माझ्या कामात या यादीइतकं दुसऱ्या कशालाच मानत नाही. लोक 'लाइट हाउस कीपर' टाकतायत आणि तुम्ही सगळीकडे 'दीपगृह रखवालदार' लिहिलंय, हे तिथे लगेच कळतं. कोणत्या देशातलं काय लोकांना हवंय पण आपल्याकडे नाही, हेही कळतं. ही यादी म्हणजे तुमच्या दारात येऊन परत गेलेल्या माणसांची नोंद आहे. गूगलचं सर्च कन्सोल हे संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठीचं साधन आहे, त्यात तिची दुसरी बाजू दिसते: तुमचं पान कोणत्या शब्दांवर लोकांपुढे आलं आणि तरी कोणी उघडलं नाही. तिथे शीर्षक आणि पहिलं वाक्य सुधारायचं.

---

यंत्रजुळारी

नवशिकीताईंच्या रचनेतली सगळ्यांत मोठी अडचण तांत्रिक आहे आणि सुदैवानं सुटण्यासारखी आहे.

गूगल किंवा इतर शोधयंत्रांचे फिरते प्रोग्राम दुव्यांवरून दुव्यांवर जातात. ते तुमच्या शोधपेटीत शब्द टाइप करत बसत नाहीत. ज्या पानापर्यंत फक्त शोधपेटीतूनच जाता येतं, ते पान त्यांच्या दृष्टीनं जवळजवळ नसल्यातच जमा. मोठमोठ्या अभिलेखागारांचे खजिने याच कारणानं वर्षानुवर्षं बाहेर दिसत नव्हते. उपाय: प्रत्येक चित्राला स्वतःचं पान आणि स्वतःचा कायमचा पत्ता. त्या पानांपर्यंत नेणाऱ्या साध्या याद्या, देशवार, काळवार, दीपगृहवार. आणि सगळ्या पानांचा एक साइटमॅप, म्हणजे शोधयंत्रांसाठी पत्त्यांची यादी.

पीडीएफ ठेवायची तर ठेवा, पण मूळ माहिती पानावर मजकूर म्हणून असूद्या. शेकडो पानांच्या पीडीएफमध्ये शोधत आलेला माणूस पहिल्या पानावर येऊन पडतो आणि निघून जातो. चित्राला पर्यायी मजकूर द्या. दृष्टी नसलेल्या वाचकासाठी तो हवाच आणि शोधयंत्रालाही त्याचा उपयोग होतो. स्कॅन मोठे असतील तर पानावर छोटी आवृत्ती आणि मोठी वेगळ्या दुव्यावर.

पत्ते एकदा ठरवले की बदलू नका. नवीन सजावट, नवीन प्रणाली, काहीही आलं तरी जुना पत्ता नव्या पानावर न्यायची सोय करा. कोणीतरी प्रबंधाच्या तळटीपेत तुमचा दुवा दिलेला असतो, आणि तो तुटला की तो वाचक कायमचा गेला.

नोंदींसाठी डब्लिन कोअर बघा. वस्तूची माहिती कोणत्या रकान्यांत लिहायची याचा १९९५ पासूनचा संकेत आहे, मूळ पंधरा रकाने: शीर्षक, निर्माता, तारीख, स्रोत, हक्क वगैरे. सगळे भरायलाच हवेत असं नाही. पण पहिल्यापासून हे रकाने वेगळे ठेवलेत, तर उद्या मोठ्या संग्रहाला नोंदी देता येतील. युरोपातलं युरोपियाना किंवा ऑस्ट्रेलियातलं ट्रोव्ह यांसारखी ठिकाणं दुसऱ्या संस्थांच्या नोंदी अशाच गोळा करतात.

---

जुनेपान

चित्रांवर मधोमध नाव छापू नका एवढीच विनंती. मला कळतं, चोरी होते, राग येतो. पण चित्र फिरलं तरच लोक मुळाशी येतात. २००८च्या जानेवारीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर सुमारे ३,००० छायाचित्रं मोकळी ठेवली आणि लोकांनी त्यातल्या जागा, माणसं, तारखा ओळखून सांगितल्या. संस्थेनं त्यातली पडताळलेली माहिती आपल्या नोंदींत घेतली. मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१७ मध्ये जवळपास पावणेचार लाख चित्रं कोणत्याही अटीशिवाय खुली केली. एवढ्या मोठ्या संस्थांना भीती वाटली नाही.

ज्यांचे हक्क संपलेत अशी चित्रं विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या खुल्या चित्रसंग्रहात, द्या आणि वर्णनात स्रोत म्हणून मूळ पानाचा पत्ता. विकिपीडियाच्या लेखांत मात्र स्वतःच्या संकेतस्थळाचे दुवे स्वतः घालत सुटू नका, ते काढले जातात आणि नावही खराब होतं. चर्चापानावर सुचवा, दुसऱ्या कोणाला योग्य वाटलं तर तो घालेल.

---

तळटीप

चर्चा छान चाललीय, पण दोन ठिकाणी मला थांबवावंसं वाटतं.

पहिलं शोधाबद्दल. 'मिळालं नाही' याचा अर्थ लावण्याआधी तो डेटाबेस काय झाकतो ते बघायलाच हवं. अमेरिकेची १८९०ची जनगणना शोधत लोक आयुष्य घालवतात. तिचा बहुतेक भाग १९२१च्या आगीनंतर गेला. इंग्लंड आणि वेल्सच्या १९३१च्या जनगणनेचे कागद १९४२ मध्ये जळाले, आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. म्हणजे तिथे १९२१नंतर थेट १९५१, आणि ती शंभर वर्षांच्या नियमामुळे अजून बंद आहे. आयर्लंडचं सार्वजनिक अभिलेखागार जून १९२२ मध्ये डब्लिनच्या लढाईत बेचिराख झालं. पण तिथली गोष्ट पुढे आहे. इतरत्र गेलेल्या प्रती, उतारे, नकला गोळा करून २०२२ मध्ये त्याचं आभासी रूप जगासमोर ठेवलं गेलं. मूळ जळालं तरी त्याची नक्कल दुसऱ्या कचेरीत असू शकते. दप्तरखानांनी विचारलेला 'कोणत्या कचेरीत?' हा प्रश्न इथे 'नक्कल कोणाला पाठवली असेल?' असा विचारायचा.

याउलटही घडतं. जे सहज सापडतं त्यावरच इतिहास लिहिला जातो. कॅनडातले इतिहासकार इयन मिलिगन यांनी २०१३ मध्ये दाखवलं की टोरांटोची दोन मोठी वर्तमानपत्रं शोधता येण्याजोगी झाल्यावर कॅनडाच्या इतिहासावरच्या प्रबंधांत त्यांचे दाखले वाढले, आणि जी वर्तमानपत्रं ऑनलाइन नव्हती ती मागे पडली. म्हणून शोध घेताना वही ठेवा: कुठे, कोणत्या शब्दांनी, कोणत्या तारखांत शोधलं आणि तिथले कोणते अंक उपलब्ध नव्हते. शेवटचा रकाना सगळ्यांत जास्त कामाला येतो.

दुसरं वाचकांबद्दल. फ्लॅनन बेटांचंच घ्या. या घटनेबद्दल जे सगळ्यांत जास्त वाचलं जातं ते खोटं आहे: अर्धवट सोडलेलं जेवण, भेदरलेल्या रखवालदारांच्या रोजनिशीतल्या नोंदी. जेवणाची कल्पना १९१२च्या एका कवितेतून आली आणि त्या रोजनिशीच्या नोंदी नंतर रचलेल्या आहेत. खरा कागद आहे तो दीपगृहांचे अधीक्षक रॉबर्ट मुइरहेड यांचा ८ जानेवारी १९०१चा अहवाल. त्यांनी जागेवर जाऊन पाहणी केली आणि ते तिघं मोठ्या लाटेनं ओढले गेले असावेत असा निष्कर्ष काढला. वाचक हवेत म्हणून भुताटकीचं शीर्षक द्यायचा मोह होणार. आकडे वाढतीलही. पण इतिहासाच्या संकेतस्थळाकडे विश्वासाशिवाय दुसरं काय असतं?

---

दप्तरखाना

तळटीप, दोन्ही मुद्दे मान्य. दुसऱ्याला फक्त एक जोडतो. खोटी गोष्ट शोधत येणारा वाचक हाही आपलाच वाचक आहे. 'फ्लॅनन रोजनिशी' असं टाकून तो येतोय. त्या नावाचं पान आपणच करावं आणि पहिल्याच वाक्यात सांगावं की या नोंदी बनावट आहेत, मग मुइरहेड यांच्या अहवालाकडे न्यावं. असं पान नसेल तर तो माणूस दुसऱ्या कोणाकडे जाईल आणि खोटंच घेऊन परतेल. शीर्षकात त्याचे शब्द, मजकुरात खरी माहिती. यात मला कसलीही तडजोड वाटत नाही, उलट हे कर्तव्यच वाटतं.

परत येणाऱ्या वाचकांबद्दल नवशिकीताईंनी विचारलं होतं, ते राहिलंच. लोक परत येतात ते त्यांना काही काम असेल तर. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्हवर जुन्या वर्तमानपत्रांचा यंत्रानं चुकीचा वाचलेला मजकूर वाचकच ओळ न् ओळ दुरुस्त करतात, २००८ पासून. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं २०१० मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमची हस्तलिखितं लोकांपुढे ठेवली आणि लोक ती वाचून टाइप करायला लागले. त्याच वर्षी 'ओल्ड वेदर'वर जहाजांच्या जुन्या नोंदवह्या आल्या. त्यातल्या हवामानाच्या नोंदी लोकांनी उतरवल्या आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांनी वापरल्या. वाचक दुरुस्ती करतो तेव्हा पुढच्या शोधणाऱ्यासाठी तो कागद पहिल्यांदाच सापडण्याजोगा होतो. शाईचाडाग म्हणाले त्या ओसीआरच्या दुखण्यावर याहून चांगलं औषध मी पाहिलेलं नाही.

तुमच्याकडे न ओळखलेली दीपगृहं असतील ना? ती वेगळी काढा, 'हे कोणतं दीपगृह?' असं एक पान करा, आणि ज्यानं ओळखलं त्याचं नाव त्याच्या परवानगीनं नोंदीत लिहा.

---

नवशिकी

आहेत की, बरीच आहेत! मी ती लाज वाटून मागे ठेवली होती, आता पुढे आणते.

एक शंका. एकाच दीपगृहाची नावं वेगवेगळ्या भाषांत, वेगवेगळ्या स्पेलिंगांत आहेत. सगळी शीर्षकात घातली तर शीर्षक वाचवत नाही. आणि काही कार्डांवर छापलेलं नावच चुकीचं आहे. चूक तशीच ठेवू की सुधारू?

---

यंत्रजुळारी

शीर्षकात एकच, सर्वाधिक वापरातलं नाव. खाली 'इतर नावं' असा स्पष्ट दिसणारा रकाना ठेवा आणि त्यात बाकी सगळी रूपं, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत. लपवलेल्या मजकुरात नावं कोंबू नका, शोधयंत्रं ते ओळखतात आणि पान खाली ढकलतात. आतल्या शोधपेटीला हा रकाना वाचायला सांगा. देवनागरी अंकांत लिहिलेलं वर्ष रोमन अंकांत शोधलं तरी मिळेल अशी जोडणीही करून घ्या, ती आपणहून होत नाही.

---

तळटीप

छापील चूक अजिबात पुसू नका. 'कार्डावर छापलेलं नाव' हा वेगळा रकाना करा आणि तिथे जसंच्या तसं लिहा. योग्य नाव शीर्षकात. ज्याच्या हातात तेच कार्ड आहे तो चुकीचंच नाव टाइप करून येणार आहे. ओळख कशावरून पटवली तेही एका ओळीत लिहा: मनोऱ्याचे पट्टे, दिव्याच्या खोलीचा आकार, दुसऱ्या संग्रहातलं तसंच चित्र, जे असेल ते. खात्री नसेल तर 'बहुधा' लिहा.

आणि प्रत्येक पानाच्या तळाशी 'या पानाचा दाखला असा द्या' म्हणून तयार ओळ ठेवा: शीर्षक, संग्रहाचं नाव, नोंद क्रमांक, कायमचा पत्ता. पान वेबॅक मशीनवरही, म्हणजे जुनी वेबपानं जपणाऱ्या संग्रहात, साठवून घ्या, ते कोणालाही करता येतं. नोंद क्रमांक मात्र आजच ठरवा, चित्रांची पानं पाडायला घेण्याच्या आधी. नंतर बदलायला गेलात तर सगळे पत्ते बदलतील.

---

नवशिकी

क्रमांक आज रात्रीच ठरवते. देश, दीपगृह, मग अनुक्रम असा करू का? की नुसता अनुक्रम?

---

तळटीप

नुसता अनुक्रम. ओळख चुकीची निघाली तर देश बदलेल, क्रमांक बदलायला नको.